यासीनमामांनी पाणी मागितलं

आमच्या यवत भागात जुनी गाडी घ्यायची झाली की आधी यासीनमामांची वेळ घ्यावी लागायची. हायवेला त्यांचं गॅरेज होतं, पण त्यांचं नाव झालं ते गाड्या दुरुस्त करण्याबद्दल नाही, गाड्या पाहण्याबद्दल. आणि गाडी पाहून झाल्यावर ते 'घ्या' किंवा 'घेऊ नका' असं कधीही म्हणत नसत. विकणाऱ्याच्या दारात उभं राहून त्याच्या मालाला नावं ठेवणं त्यांना पटायचं नाही. "त्याची बी लेकरंबाळं हायती," असं ते म्हणायचे. म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. गाडी पसंत पडली तर ते विकणाऱ्याचा चहा घेत. नाही पडली तर म्हणत, "वाईच पाणी द्या." मामांनी पाणी मागितलं की आपण काय ते समजायचं आणि निघायचं.

ही रीत गुप्त आहे असं मामांना शेवटपर्यंत वाटत होतं. प्रत्यक्षात दौंडपासून शिरूरपर्यंत एकूणएक एजंटाला ती ठाऊक होती. मामा मोटारसायकलवरून उतरायच्या आत टपरीवाल्याला हात व्हायचा आणि बॉनेट उघडायच्या आत चहा समोर यायचा. मामा मग कप बाजूला सारून म्हणायचे, "डॉक्टरनं चहा बंद केलाय." अर्ध्या तासानं गाडी पसंत पडली तर डॉक्टर चहा पुन्हा सुरू करायचा. असा लहरी डॉक्टर पुणे जिल्ह्यात दुसरा नसेल.

गाडी पाहायची त्यांची पद्धत इंजिनापासून सुरू होत नसे. आधी ते ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून ब्रेकच्या पेडलचं रबर बघत. मीटरवर गाडी थोडीच चाललेली आणि रबर गुळगुळीत, म्हणजे मीटर मागे फिरवलेलं. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीला मालक आतून-बाहेरून धुतो, पण बेल्टच्या पार आतल्या टोकाला मातीची रेघ राहते. मग खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक निघायचं. ते पत्र्यावरून फिरवताना जिथं चिकटेना तिथं पुट्टी भरलेली. मामा तिथं थांबून मालकाकडे अगदी सहानुभूतीनं पाहत आणि म्हणत, "लागलं व्हतं का लई?" मालक सहसा फडक्यानं काच पुसायला लागायचा.

गाडीइतकंच ते घेणाऱ्यालाही निरखत. भांडगावच्या एका सोसायटी सचिवांना मोठी सात सिटांची गाडी घ्यायची होती. गाडी निर्दोष होती, तरी मामांनी पाणी मागितलं. सचिव चिडले तेव्हा मामा म्हणाले, "गाडी बेस हाय. पर तुमी घरात तीन माणसं. उरलेल्या शिटांवर रोज भावकी बसंल." सचिवांनी न ऐकता ती गाडी घेतली. आता त्यांच्या भावकीतल्या प्रत्येक साखरपुड्याला ते ड्रायव्हर असतात.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही गेल्या वर्षी मी लाल गाडीच्या नादाला लागलो.

मी कुरकुंभच्या एका कंपनीत स्टोअरला आहे. वय सेहेचाळीस. आयुष्यभर कंपनीच्या बसनं नाहीतर मोटारसायकलनं गेलो. शर्यतीच्या गाडीसारखी बुटकी, दोन दारांची गाडी आपल्याकडे असावी, असं मला शाळेपासून वाटायचं. वहीच्या शेवटच्या पानावर मी तीच काढायचो. अशी गाडी आपल्या आवाक्यात येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं. मग एका दुपारी फोनवर जाहिरात आली. शिरूरच्या एजंटाकडे लाल गाडी आहे, पुण्याच्या कुणा हौशी माणसाची, जुनी झालीय म्हणून स्वस्तात. एखाद्या बऱ्या ट्रॅक्टरपेक्षा कमी किंमत. मी तो फोटो घरात सगळ्यांना दाखवला. बायको फोटो मोठा करून करून बघत राहिली आणि म्हणाली, "दोनच शिटं. म्हंजी तुम्ही आन् तुमची हौस." मुलांना गाडी आवडली, पण त्यांच्या मताला घरात किंमत नाही. माझ्याही नाही. तरीपण मी मामांना फोन लावला.

रविवारी आम्ही दोघे माझ्या मोटारसायकलवरून चौफुला, न्हावरा करत शिरूरला गेलो. एजंट पोपटशेठनं चहा आधीच सांगितलेला होता. डॉक्टरनं तो नेहमीप्रमाणे बंद केला. मामांनी पेडल पाहिलं, बेल्ट ओढला, चुंबक फिरवलं. चुंबक कुठंही सटकलं नाही. मग ते शर्टाची पर्वा न करता जमिनीवर आडवे झाले आणि गाडीच्या पोटाखाली हात घालून बोटं मोजली. आडवी सहा बोटं भरली. मग ते आत बसले आणि आम्ही शिक्रापूरच्या रस्त्याला एक चक्कर मारून आलो. परत आल्यावर ते उतरेनात. मला वाटलं विचार करतायत. थोड्या वेळानं म्हणाले, "भाऊ, हात द्या. गुडघा अडाकलाय." मी आणि पोपटशेठनं एकेक हात धरून त्यांना बाहेर ओढलं.

नंतर मामांनी जे केलं ते तालुक्यात आधी कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी पाणी मागितलं. तांब्या संपवला. आणि मग म्हणाले, "आता चहा आना."

पोपटशेठ गोंधळला. मीही गोंधळलो. मामांनी चहा सावकाश संपवला आणि बाहेर आल्यावर मी विचारलं, "मामा, हे काय? चहा का पाणी?"

"चहा गाडीचा. पाणी तुमचं."

"म्हणजे?"

"तुमच्या घरापुढं काय हाय?"

"रस्ता."

"आन् रस्त्यावर काय हाय?"

"ब्रेकर," मी म्हणालो.

आमच्या घरापुढच्या रस्त्यावर एक स्पीडब्रेकर आहे. तो मीच घालून घेतलाय. सहा वर्षांपूर्वी माझे वडील, आप्पा, समोरच्या डेअरीत दुधाची बरणी घेऊन जात होते आणि भरधाव आलेल्या टेम्पोनं त्यांना उडवलं. आप्पा जागेवर गेले. त्यानंतर मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला, पुन्हा दिला, शेवटी रस्त्यावर दगड मांडून बसलो, तेव्हा ब्रेकर मंजूर झाला. आलेला माल मला कमी वाटला म्हणून मी पदरची सिमेंटची पोती ओतली आणि माझ्या हातानं थापी मारली. त्या दिवशी मी रागात होतो, आणि तो राग ब्रेकरच्या उंचीत उतरला. साध्या गाड्यासुद्धा तिरक्या होऊनच तो चढतात. आमच्याकडे येणारे पाहुणे घरात शिरताना नमस्काराआधी ब्रेकरबद्दल बोलतात.

मामा त्याच संध्याकाळी माझ्याबरोबर घरापर्यंत आले आणि रस्त्यात उकिडवे बसून त्यांनी ब्रेकरला वीत लावली. पूर्ण वीत भरली, वर बोटभर. "बसत न्हाई. गाडीचं पोट अडकंल," ते म्हणाले. मी म्हणालो, थोडा छाटला तर? मामा गुडघ्यावर हात टेकून उठले. मग म्हणाले, "छाटा की. गाडी लई चांगली हाय. तुमचा ब्रेकर, तुमची गाडी. फकस्त मला बोलवू नका."

सरपंचांना विचारलं तर तेही म्हणाले, "तुमचाच ब्रेकर. आम्हाला कवापासून तरास हाय." म्हणजे सगळा गाव माझ्या बाजूनं होता. पुढच्या रविवारी सकाळी मी टिकाव घेऊन रस्त्यावर उभा राहिलो. पहिला घाव घालणार तेवढ्यात आई पांढरं पातळ नेसून विहारात वंदनेला निघाली. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. आईनं उजवीकडे पाहिलं नाही, डावीकडे पाहिलं नाही. काठी टेकत सरळ रस्ता ओलांडायला लागली. ट्रॅक्टर ब्रेकरपाशी येऊन थांबल्यासारखा झाला. सहा वर्षांत तिला त्या ब्रेकरची सवय झाली होती. अर्ध्या रस्त्यात तिनं माझ्या हातातल्या टिकावाकडे पाहिलं आणि विचारलं, "मोरी तुंबली का रं?"

मी म्हणालो, "व्हय."

त्या रविवारी मी मोरी साफ केली. पोपटशेठला फोन करून नको म्हणून सांगितलं. वाईट वाटलं, खोटं का बोलू. रात्री जेवण गेलं नाही. पण निर्णय बरोबर होता आणि तो मामांमुळे बरोबर झाला, हे मी चार लोकांना कौतुकानं सांगितलंही.

दीड महिन्यानं कंपनीतल्या एकाच्या स्टेटसला फोटो दिसला. यवतला मामांच्या गॅरेजपुढं लाल गाडी उभी होती आणि आत पांढरी टोपी घालून मामा बसले होते. गुडघे हनुवटीला लागलेले. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'मामांनी स्वतःलाच चहा पाजला.'

मी चिडलो. साधा चिडलो नाही, आतून जळलो. मला वाटलं, या माणसानं माझ्या बापाच्या मरणाचा ब्रेकर पुढं करून माझी गाडी हडपली. लोकही मजा घ्यायचे. "काय, ब्रेकर कसाय?" असं विचारायचे. मी मोटारसायकल दुसऱ्या गॅरेजला न्यायला लागलो. मामांच्या गॅरेजवरून जाताना मान वळवून पलीकडच्या ढाब्याकडे बघायचो.

मामांची ती गाडी म्हणजे यवतला एक कामच झालं होतं. ते शुक्रवारी नमाजला गाडी घेऊन जात आणि ती केशकर्तनालयासमोर लावत, कारण तिथला न्हावी अंगानं मजबूत होता आणि त्यांना ओढून बाहेर काढायचा. कुणी विचारलं तर म्हणत, "गाडी झकास हाय. उतरायचं तेवढं जमत न्हाई." एकदा मी स्टँडवर बसची वाट पाहत उभा होतो. लाल गाडी समोर येऊन थांबली. मामांनी काच खाली केली, हात वर केला, आणि उतरायला दार उघडलं. एक पाय बाहेर आला. दुसरा येईना. मी फोन कानाला लावला आणि कुणाशी तरी बोलत असल्यासारखा दुसरीकडे चालत गेलो. कानाला लावलेला फोन बंद होता. मागं वळून पाहिलं नाही.

चार महिन्यांपूर्वी मामा गेले. भर दुपारी, गॅरेजात, एका बॉनेटवर वाकलेले असताना. बातमी कळली तेव्हा मी स्टोअरमध्ये नट-बोल्टच्या पेट्या लावत होतो. तसाच निघालो.

कब्रस्तानात तालुक्यातली सगळी गॅरेजं लोटली होती. माती देऊन झाल्यावर मी फाटकापाशी उभा होतो. एक हडकुळे म्हातारे गृहस्थ जवळ आले. दौंडचे गायकवाड मिस्तरी. मी त्यांना नावानं ओळखत होतो. फार वर्षांपूर्वी एका जीपवरून त्यांचा आणि मामांचा वाद झाला होता. मामा म्हणाले होते, टाकाऊ. गायकवाड म्हणाले होते, घ्या. ती जीप अजून चालते. तेव्हापासून दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते, असं सगळे सांगायचे.

"ब्रेकरवाले तुमीच का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"म्या मोजलाय तुमचा ब्रेकर. टेप लावून. तुमी डूटीला गेला व्हता. तुमच्या आईला वाटलं ग्रामपंचायतीचा मानूस हाय."

मला कळेना. गायकवाड खाली बघत सांगत राहिले. "यासीन आला व्हता माझ्याकडं. इतक्या वर्सांनी. मला वाटलं जीपचं काडतोय. तर म्हणला, शिरूरला एक गाडी बघितली, माझं मन बसलंय तिच्यावर. आन् त्या पोराला मी न्हाई म्हणलोय. आता ह्ये मी बोललो का माझी हाव बोलली, मलाच कळंना. माझ्या हाताचं माप खरं धरू नको. तू मोज."

"मग?"

"मोजलं. बसत न्हवती. तर म्हणला, परत मोज. बसली तर बरं, त्याला घिऊ दे. तिसऱ्यांदा मोजलं तवा मानला. तुमी नको म्हणल्यावर बी एजंटाला महिनाभर थांबाया लावलं त्यानं. तुमचं मन फिरलं तर म्हणून."

मला लाज वाटली. एवढी लाज मला आधी कधी वाटली नव्हती. मी विचारलं, "मग मला सांगितलं का नाही त्यांनी?"

"म्याबी त्येच म्हणलं. तर म्हणला, आपनहून सांगनं म्हंजी सफाई दिल्यावानी हुतं. त्यानं इचारलं की सांगीन." गायकवाडांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी इचारलंच न्हाई."

"नाही," मी म्हणालो. "नाही विचारलं."