एका वळूची वासरं

माझा आतेभाऊ आमच्याकडे राहून शिकला. आत्याचं घर कळमेश्वरजवळच्या खेड्यात. शेती, गोठ्यात गवळाऊ जातीच्या गाई. पोराला शिकायचं तर नागपूर, आणि नागपूर म्हणजे मामाचं घर, यात कुणी कुणाला विचारायचं काही नव्हतंच. तो गुरांच्या डॉक्टरीच्या कॉलेजात जायचा. ती पदवी मिळाली तरी त्याचं समाधान झालं नाही, म्हणून पुढं जनावरांच्या आनुवंशिकीत संशोधन करू लागला. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. आमच्या इतवारीतल्या गल्लीत संशोधन या शब्दाला मोठा मान होता, पण ते गाईंवर चाललंय म्हटल्यावर तो मान टिकत नसे. "गाईत काय शोधून राहिला गा? गाय तं गोठ्यात बांधली आहे," असं समोरचे काका त्याला रोज विचारत आणि रोज स्वतःच हसत.

मला त्या हसण्याची लाज वाटायची, कारण मी त्याची होणारी बायको होते. माझ्या बारशालाच आत्यानं पाळण्यात खण ठेवून 'ही माही सून' असं सांगून टाकलं होतं. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, ही आमच्यातली रीत. माझी आईदेखील वडिलांच्या मामाचीच मुलगी. त्यामुळे आत्याचं बोलणं कुणाला थट्टेतलं वाटलं नाही, आणि मला तर ते कळण्याआधीच लागू झालं होतं.

तो सकाळी सायकल काढून शहराबाहेरच्या फार्मवर जायचा आणि संध्याकाळी शेणाचा, दुधाचा, ओल्या वासरांचा वास घेऊन परतायचा. तिथं जन्मलेलं प्रत्येक वासरू तो काट्यावर तोलायचा, कुठल्या गाईनं किती दूध दिलं ते पाहायचा, कोण कुणाच्या पोटचं हे तर त्याला तोंडपाठ. मेंढ्यांचंही काम असे. परक्या जातीचा मेंढा आणून त्याची कोकरं वाढवली होती, त्यांची लोकर कागदाच्या पुड्यांत घरी यायची आणि सबंध माजघर मेंढवाड्यासारखं घमघमायचं. माझ्या मैत्रिणी दारातूनच नाक दाबून विचारत, "आज काय आणलं वं तुह्या नवऱ्यानं?" एकदा त्यानं वासरांच्या रक्ताच्या बाटल्या बर्फाच्या थर्मासात घालून आणल्या आणि ठेवायला गारवा म्हणून देवघराजवळचा कोनाडा निवडला. आईनं हाकललं तेव्हा म्हणतो, "मामी, गाईचंच आहे न, पवित्र." आई म्हणाली, "शेण-गोमूत्र सांगितलं आहे बाबू, रक्त नाही." थर्मास न्हाणीघरात गेला.

वरवर मी नाक मुरडत असे. पण जेवताना तो फार्मवरच्या गोष्टी सांगायचा, त्या मी पोळ्या लाटता लाटता एक शब्द न सोडता ऐकायची. मला त्याचा अभिमान होता. तो मला आवडत होता, हे सरळ सांगून टाकते. आता या वयात लाजायचं कुणाला.

घरात आणखी एक माणूस त्याच्यावर जीव टाकायचा, तो माझा थोरला भाऊ. भावाला लहानपणापासूनच ऐकू येत नसे, म्हणून बोलणंही नाही. वडील इतवारीत एका भांड्यांच्या दुकानात कामाला होते, तिथंच तो भांड्यांवर नावं कोरायचा. तो तान्हा असताना गोवर निघाला आणि कान गेले, असं आई सांगायची. त्याच्या आधीची दोन मुलं जन्मून महिन्याच्या आत गेली होती. त्यांना दृष्ट लागली होती, असंही आईच सांगायची. आतेभावानं आणि त्यानं हातवाऱ्यांची आपली एक भाषा बनवली होती. रविवारी तो भावाला सायकलवर डबलसीट घेऊन फार्म दाखवायला न्यायचा, आणि परत आल्यावर भाऊ आम्हाला डोक्यावर हातांची शिंगं करून सगळी हकीकत सांगायचा.

आतेभावाचं संशोधन संपत आलं, नोकरीचं जमेलसं दिसलं, तशी आत्या, तिचे यजमान आणि धाकटे दीर साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायला आमच्याकडे आले. मी नवी साडी नेसून स्वयंपाकघराच्या पडद्याआड पोह्यांच्या बश्या भरत होते. बैठकीत सुपारी कातरल्याचा आवाज येत होता. तेवढ्यात आतेभावाचा आवाज आला.

"मामा, मले हे लग्न नाही करता येत."

"काहून?" वडिलांनी विचारलं.

"काहून गा? दुसरी कोणी पाहून ठेवली का?" हे आत्या.

"तसं नाही, माय."

मग त्यानं जे केलं ते दुसऱ्या कुठल्या नवऱ्या मुलानं केलं नसेल. खिशातला खडू काढला आणि फरशीवर उकिडवा बसून आकृती काढायला लागला. पडद्याच्या फटीतून मला दिसत होतं. "हा वळू. या त्याच्या गाई. या गाईच्या ज्या कालवडी झाल्या, त्यायलेही पुढं हाच वळू लावला. म्हणजे बाप तोच अन् आजाही तोच. आता पाहा, कोणाच्याही अंगात एखादा दोष लपून राहते. एकटा असला तं काही करत नाही. पण आईकडूनही तोच आला अन् बापाकडूनही तोच आला, का मंग उघडा पडते. वासरू किरकोळ होते. आंधळं होते. नाही तं होते अन् मरते. मी माह्या हातानं तोलली आहेत."

भाऊ त्याच्या शेजारीच बसला होता. त्याला वाटलं चित्र चाललंय. त्यानंही एक खडूचा तुकडा घेतला आणि वळूच्या गोलाला दोन शिंगं काढून दिली.

आतेभावानं खाली दुसरी आकृती काढली. तीत वळू नव्हता. वर आजा-आजी, मग वडील आणि आत्या, बाजूला आई, आणि सगळ्या रेघा खाली येऊन पुन्हा एकमेकींत शिरलेल्या.

"अन् हे कोण?" वडिलांनी विचारलं.

"हे आपण, मामा."

"म्हणजे माही पोरगी कालवड आहे का?"

आत्याचे दीर तोंडातलं पान सावरत म्हणाले, "कालवड तं चांगली धडधाकट दिसते बाप्पा." आणि ते हसले.

पडद्याआड मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिच्यावर पाळण्यापासून शिक्का मारला, तिला आज फरशीवर मांडून, मोजून, नको म्हणत होते. आणि मी हातात पोह्यांची बशी घेऊन उभी. असा संताप आला होता की ती बशी त्या खडूवर आपटावी.

पण माझ्याआधी आई बाहेर गेली. पुरुषांच्या बैठकीत ती कधी बोलत नसे. चौकटीला धरून उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "बाबू, मंग माह्या पोराचं... ते गोवरानं नाही का? अन् त्याच्या आधीची दोघं?"

भाऊ आईकडे पाहून हसला आणि आपण काढलेली शिंगं दाखवू लागला.

आतेभावाचा चेहरा मला दिसत होता आणि उत्तर काय आहे ते मला कळलं. इतकी वर्षं पोळ्या लाटताना मी काही फुकट ऐकलं नव्हतं. मग त्यानं पंजानं फरशी पुसायला सुरुवात केली. आधी खालची आकृती, मग वरची.

"नाही मामी. गोवरानंच," तो म्हणाला. "गुराचं वेगळं अन् माणसाचं वेगळं."

वडिलांनी केवढा मोठा श्वास सोडला. ती दोन मुलं त्यांचीही होती. "वेगळं आहे न? मंग झालं तं," ते म्हणाले. "कायले घाबरवून राहिला एवढं? काढा तारीख."

त्यात त्यांचा डावपेच नव्हता. त्यांना खरंच सुटल्यासारखं वाटलं होतं. पण आतेभाऊ कात्रीत सापडला होता. लग्न नको म्हणावं, तर मामीला तिच्या तोंडावर सांगायचं, की तुझी मुलं तुझ्या लग्नानं गेली. ते न सांगावं, तर लग्न करायचं. त्यानं आईकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि म्हणाला, "हाव. काढा."

मला हवं होतं ते मला मिळालं होतं. पडद्याआड गप्प राहणं एवढंच माझं काम होतं. पण असं मिळालेलं मला घेववेना. मी पडदा सारून बाहेर आले आणि म्हणाले, "मले नाही करायचं हे लग्न."

पुन्हा तेच, "काहून?"

याचं खरं उत्तर एकच होतं आणि ते त्या खोलीत उच्चारता येत नव्हतं. दुसरं काही तयार नव्हतं. जिभेवर जे पहिलं आलं ते मी बोलून गेले, "त्यायच्या अंगाले शेणाचा वास येते."

आत्याचं तोंड पडलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं आपले हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाली, "आमच्या सगळ्याइच्याच अंगाले येते वं पोरी." मग ती उठली. पोहे तसेच राहिले.

त्यानंतर आत्यानं आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. आतेभाऊ त्याच आठवड्यात सामान घेऊन होस्टेलवर गेला. माझं वाक्य मात्र गल्लीत राहिलं. पोरं मला पाहून नाकावर रुमाल धरत. स्थळं यायची, बाहेर चार घरी चौकशी करायची आणि परत जायची. शेतकऱ्याच्या पोराला शेणाचा वास येतो म्हणणारी सून कुणाला हवी? आणि सगळ्यांत जास्त बोलायची ती आई. "हातचा सोन्यासारखा पोरगा घालवला. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा मारून घेतला," असं आल्यागेल्यासमोर म्हणायची. मी खाली मान घालून ऐकायची. मला तोंड नव्हतं असं नाही, माझ्यासारखी तोंडाळ गल्लीत दुसरी नव्हती. पण उलट उत्तर द्यायचं तर तिलाच मारल्यासारखं झालं असतं.

आतेभाऊ दिवाळीला तेवढा मामीला नमस्कार करायला यायचा. पुढं त्याला चांगली नोकरी लागली. गावोगाव फिरून तो लोकांना सांगायचा, की बाबांनो, दर काही वर्षांनी वळू बदला, त्याच्या लेकींना तोच लावू नका. आमच्याकडे येताना तो अंघोळ करून, परीटघडीचे कपडे घालून येई. साबणाचा वास दारातून आधी आत यायचा. मला फार लाज वाटायची. माझं बोलणं खोटं होतं हे त्याला त्याच दिवशी कळलं असणार, की त्याला ते खरंच लागलं होतं, हे मी कधी विचारलं नाही.

माझं लग्न उशिरा झालं, नात्याबाहेर, रेल्वेतल्या एका कारकुनाशी. पहिली मुलगी झाली तेव्हा मी सरकारी दवाखान्यात होते. दुसऱ्या दिवशी आई डिंकाचे लाडू घेऊन आली, बरोबर भाऊ. त्यानं भाचीसाठी एक वाटी आणली होती, तिच्यावर एक वेल कोरलेली. तो बाळाच्या पायाच्या बोटांशी खेळत बसला.

मी डोळे मिटून पडले होते. आईला वाटलं मी झोपले. ती बाळाच्या डोक्यामागं जाऊन उभी राहिली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दोन्ही हातांनी जोरात टाळी वाजवली.

पोर दचकलं आणि टाहो फोडून रडायला लागलं. आई मटकन खाटेच्या कडेला बसली. पदर तोंडात कोंबून ती हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही. म्हणजे तिला सगळं माहीत होतं. त्या दिवशी फरशीवरच्या खडूनं जे सांगितलं ते तिनं पुसू दिलंच नव्हतं. मी डोळे उघडले, तिचे माझे डोळे भेटले, आणि मलाही हसू फुटलं. ऐकू येतंय. माझ्या पोरीला ऐकू येतंय.

भावाला टाळी ऐकू आली नव्हती. तो एकदा रडणाऱ्या बाळाकडे, एकदा आमच्याकडे पाहत होता. आम्ही का हसतोय ते त्याला कळेना. त्यानं तळहात उलटा करून विचारलं, काय झालं?

आईनं पोटावर हात फिरवून खूण केली, भूक लागली.

भावानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि पोरीला पदराखाली घेतलं.