वत्सलाबाईंच्या पंधरा बकऱ्या

हां, तर काल आपण इथंच उठलो होतो. वाघानं एक बकरी खाल्ली आणि पडद्यावरच्या पंधराच्या पंधरा बकऱ्या गडप झाल्या. पाहुण्यांतला एक हसला, मग सगळेच. वत्सलाबाई कॉम्प्युटरपुढं उभ्या, कानशिलं तापलेली, आणि शेजारी देवराम सर पाहुण्यांना सांगतायत, "मी म्हटलंच होतं. बायकांनी टायपिंग करावं, हे डोक्याचं काम आहे."

काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागं जातो. साल एकोणनव्वद. नाशकात रविवार कारंज्याजवळ कापडदुकानाच्या माडीवर देवराम सरांची कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट होती. दोन मशीनं, एक पंखा, आणि पंख्याचं तोंड माणसांकडं नाही, मशीनांकडं. चपला जिन्यात काढायच्या, देवळात काढतात तशा. वत्सलाबाई सरकारी कचेरीत टायपिस्ट. वडील मनमाडला रेल्वेत होते, ते गेल्यावर आई भागीबाईंना घेऊन इथं राहिलेल्या. कचेरी सुटली की त्या माडी चढायच्या. सरांनी शब्द दिला होता की वर्धापनदिनाला स्वतः लिहिलेला खेळ चालवून दाखवा, सकाळची नवी बॅच शिकवायला तुम्ही. वत्सलाबाईंना तेच हवं होतं. चौदा वर्षं दुसऱ्याचा मजकूर टाइप केला, आता चारचौघांपुढं उभं राहून आपल्याला कळलेलं सांगायचं होतं.

खेळ निवडला वाघ-बकरीचा. चांदवडला आजोळी ओट्यावर कोळशानं रेघा ओढून चिंचोक्यांनी खेळायच्या तोच. वाघानं उडी मारून बकरी खायची, बकऱ्यांनी मिळून वाघ कोंडायचा. आमच्याकडं झुंबर म्हणून एक गडी होता, तो ह्यात असा पटाईत की समोरचा उठून घरी जायचा. पण झुंबरचं राहू द्या.

तेव्हा पुण्याहून सी प्लस प्लस ह्या कॉम्प्युटरच्या नव्या भाषेची फ्लॉपी आली होती. तिच्यातला 'क्लास' हा प्रकार सर समजवायला लागले की खडू झिजे, डोक्यात काही जात नसे. वत्सलाबाईंना मात्र एका बैठकीत उमगलं, कारण त्या कचेरीत रोज मेणकागदावर टाइप करून स्टेन्सिल कापायच्या. स्टेन्सिल एक, प्रती पाहिजे तेवढ्या. आधी त्यांनी 'सोंगटी' लिहिली. आपण कुठल्या घरात उभ्या आहोत एवढंच तिला ठाऊक. तिच्यावरून 'बकरी' काढली, ती एक घर सरकते, आणि 'वाघ' काढला, तो सरकतो आणि उडीही मारतो. मग वाघाच्या तीन प्रती, बकरीच्या पंधरा. खेळानं नुसतं 'चल' म्हणायचं, कसं चालायचं ते ज्याचं तो बघेल. हे सगळं लिहिलेली वही सरांनी चाळली, तपासली म्हणून पानापानावर सही केली. मशीन मिळायचं दिवसाला अर्धा तास. तेवढ्यात बकऱ्या सरकवून झाल्या, पण खाण्यापर्यंत डाव कधी पोचला नाही. तो पोचला थेट पाहुण्यांसमोर.

वर्धापनदिनाच्या दुसऱ्या दिवशी सरांनी बाईंचा अर्धा तास काढून घेतला. बॅच मीच घेईन म्हणाले.

घरी वत्सलाबाईंनी भाकरी अशा थापल्या की भिंतीपलीकडच्यांना ऐकू जावं. भागीबाई म्हणाल्या, "पिठावर कशाला राग? ते काय त्या मास्तरचं हाय का?" जेवणं झाल्यावर वत्सलाबाईंनी कागदाचे पंधरा तुकडे केले, फरशीवर पट आखला आणि आईला वाघ केलं. वहीत होतं तसंच, प्रत्येक बकरीचं घर तिच्या तिच्या तुकड्यावर लिहिलं, आणि सगळ्यांत मिळून जे सारखं ते वेगळ्या एका कागदावर. भागीबाईंनी उडी मारून बकरी उचलली, मागंपुढं पाहिली आणि विचारलं, "ही मेली ते लिहू कुठं? हिच्यावर तर जागाच नाय."

वत्सलाबाई उठून वही घेऊन आल्या. कचेरीची सवय नडली होती. सगळ्या प्रतींत जे सारखं, ते स्टेन्सिलवरच कापायचं, म्हणजे हातानं पंधरा वेळा लिहायला नको. सुरुवातीला सगळ्याच बकऱ्या जिवंत, म्हणून 'जिवंत' हा शेरा त्यांनी स्टेन्सिलवर ठेवला होता. एक मेली, शेरा पुसला, पंधरा मेल्या. आपल्या चुकीचा राग आलाच, पण त्या ओळीखाली सरांची ऐटबाज सही पाहिली आणि राग तिकडं वळला. माणूस ओळ न वाचता सही करतो आणि वर चार लोकांत बायकांची अक्कल काढतो.

शनिवारी दुपारी माडी भरलेली होती. त्यांनी दहा मिनिटं मागितली. सर म्हणाले, मशीन मोकळं नाही. मोकळं मशीन समोर दिसत होतं. त्या जाऊन बसल्या. शेरा स्टेन्सिलवरून काढला, बकरी-बकरीला आपापला दिला. डाव सुरू केला, वाघाला उडी मारायला लावली. एक बकरी गेली, चौदा जागच्या जागी उभ्या. मागं विद्यार्थी जमले, कोणी टाळ्या वाजवल्या. गर्दी पाहून सरही आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शेवटी आपल्याच हाताखाली तयार झाल्या. घ्या बाई, बॅच तुमची. फक्त त्या दिवसाचं बाहेर काढू नका, इन्स्टिट्यूटचं नाव जातं."

वत्सलाबाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. नुसती मान वळवली.

"बॅच घेते, सर. पण पहिल्या दिवशी फळ्यावर तीच चुकलेली ओळ लिहिणार आणि ही माझी चूक म्हणून सांगणार. मग वही फिरवून तिच्याखालची सही दाखवणार आणि ही कोणाची तेही सांगणार. चालत नसेल तर बॅच ठेवा तुमच्याकडं, मी खाली जिन्यात फळा टांगून शिकवीन."