केतकीच्या पाण्याची राखण

मनोहरकाका सकाळी उठले की चूळ भरायच्याही आधी माशांच्या टाकीत मनगट बुडवून बघत. टाकीला थर्मामीटर होता, तोही चांगला लाल आकडे दाखवणारा, पण काकांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. "पाणी किती तापलं ते सांगते हा. पाण्याला बरं वाटून राहिलं का, ते नाही सांगत," असं म्हणत ते डोळे मिटून मनगट तसंच ठेवायचे, बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं.

टाकी त्यांच्या मुलीची, केतकीची. ती आणि तिचा नवरा समीर अमेरिकेत, फ्रीमाँटला आमच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये राहायचे, मधे फक्त एक भिंत. टाकीत खाऱ्या पाण्यातली जिवंत पोवळी होती, जांभळी, हिरवी, सारखी हळूहळू डुलणारी, आणि त्यांच्यात लपंडाव खेळणारे दोन नारिंगी मासे. केतकी ऑफिसातून आली की खांद्यावरची बॅगही न काढता आधी टाकीसमोर उकिडवी बसायची. मी म्हणायचे, "अगं, कधीतरी नवऱ्याकडे पण बघत जा." ती म्हणायची, "तो काही उकाड्याने मरत नाही गं." पस्तिशीही गाठली नव्हती तिने. आजारी पडली आणि काही महिन्यांतच गेली. माझी एकुलती एक भांडायची मैत्रीण होती ती. नंतर मी बरेच दिवस देवाशीच भांडत होते.

तिच्या आजारपणात यायची काकांनी फार धडपड केली, पण व्हिसा हातात पडेपर्यंत ती गेलेली होती. ते आले ते पुढच्या उन्हाळ्यात, दोन हजार सहा साली. काकू आधीच वारलेल्या, केतकीला भाऊबहीण नाही. पहिल्याच दिवशी माझ्याकडे चहाला आले आणि म्हणाले, "पोरीला पाहायला व्हिसा नाही भेटला, अंजू. तिचे मासे पाहायला भेटला." एवढं बोलून शांतपणे बशीत चहा ओतला.

समीरचं टाकीकडे लक्ष उरलं नव्हतं. कुणाला तरी देऊन टाकतो म्हणत होता. काकांनी ऐकलं नाही. "साड्या आहेत तिच्या, फोटो आहेत, पण ते श्वास नाही घेत. तिचा हात लागलेलं जिवंत असं एवढंच राहिलं न, जावईबापू. मी आहे तोवर राखतो मी." आणि त्या दिवसापासून काकांच्या अमेरिकेतल्या मुक्कामाला एकच काम राहिलं, पाणी तापू द्यायचं नाही.

हे वाटतं तेवढं सोपं नाही. आमच्या त्या घरांना एसी नव्हते. खाडीकाठच्या आमच्या बे एरियात लागत नाही म्हणतात, आणि मग जुलैत चार दिवस असे येतात की भिंतीला पाठ टेकवत नाही. त्यात पोवळ्यांना प्रखर उजेड लागतो, त्यामुळे टाकीवरचे दिवे वरून भाजणार. पाणी गार करायचं मशीन मिळतं, पण त्याच्या घरघरीने केतकीचं डोकं उठायचं, म्हणून तिने पाण्यावर वारा सोडणारा पंखा लावला होता. तो पाहून काका खूश. "हा तर आपला कूलर झाला. वारा पाणी उडवते, उडता उडता गारवा देऊन जाते." ते नागपूरचे, वीज खात्यात खांबांवर चढण्यात उभी हयात गेलेली. उन्हाशी कसं वागायचं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. सूर्य वर यायच्या आत खिडक्या लावायचे, पडदे ओढायचे, ओली चादर दारावर टाकायचे. "ऊन घरात घेऊन मग हाकलायचं नसते. येऊच नाही द्यायचं." टाकीतलं पाणी उडून कमी झालं की गोड्या पाण्याची भर घालायची, कारण मीठ मागेच राहतं, हे समीरने एकदा सांगितलं आणि परत कधी सांगावं लागलं नाही. भर घालताना ते पोवळ्यांशी बोलत. "काय बाप्पा, एवढ्यात कोमेजता? आमच्याकडं सत्तेचाळीस डिग्रीत लोक वरातीत नाचतात."

मी पुण्याची. मला सल्ले द्यायला आवडतात, घ्यायला नाही. पण त्या उन्हाळ्यात मीही निमूट सकाळी पडदे ओढायला लागले आणि माझं घर खरोखरच गार राहिलं. काकांना हे सांगितलं नाही, शेफारले असते.

त्या पंख्याचा प्लग होता दाराशेजारच्या बटणावर. अमेरिकेत असं असतं, भिंतीवरच्या बटणाने पलीकडचा प्लग चालू-बंद होतो. मी एकदा दिवा समजून त्याला हात लावायला गेले तर काकांनी माझं मनगटच धरलं. "ते केतकीचं बटण आहे. त्याला नाही शिवायचं." मग स्वतःच हसले. "इथं सगळं उलटं. बटण वर केलं की चालू. आपल्याकडं खाली केलं की चालू. जन्मभर खाली करून राहिलो मी."

केतकीचं वर्षश्राद्ध ऐन उकाड्यात आलं. देवळात विधी होता, आम्ही तिघं समीरच्या गाडीने निघालो. काकांनी नवं धोतर नेसलं होतं. गाडी सुरू झाली तसे एकदम म्हणाले, "थांबा. पंखा चालू आहे का ते पाहून येतो." ते आत गेले, लगेच दार ओढून आले आणि पट्टा लावून बसले. देवळात पिंडाला हात लावायची वेळ आली तेव्हा गुरुजींनी त्यांचा हात धरून पुढे नेला.

परत आलो तेव्हा दुपार कलली होती. काका गाडीतून प्रसादाचे डबे काढत होते. समीर आणि मी आत गेलो आणि दारातच वास आला. टाकी दुधाळ झाली होती. पोवळी पांढरी पडून गळून पडली होती, दोन्ही मासे पाण्यावर आडवे. दिवे लख्ख चालू, खिडक्या गच्च बंद, पंखा थांबलेला. आम्ही दोघांनी एकदमच बटणाकडे पाहिलं. ते खाली होतं. चालू राहावं म्हणून काकांनी सवयीने खाली केलं होतं.

समीरचा चेहरा मला आजही दिसतो. त्याने बटण वर केलं आणि धावत गॅरेजमध्ये गेला. घराचा मेन स्विच तिथे होता. सगळं घर एकदा बंद झालं आणि परत चालू झालं, मायक्रोवेव्हवरचं घड्याळ उघडझाप करायला लागलं. काका दारात आले तेव्हा तो म्हणाला, "बाबा, पॉवर गेली होती हो दिवसभर. हे बघा, घड्याळं ब्लिंक होतायत. आपलं नशीबच..." आणि तो एकेक खिडकी उघडत सुटला.

काकांनी डबे खाली ठेवले. टाकीत मनगट बुडवलं. पुष्कळ वेळ ठेवलं. मग घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो. लाइन गेली असन." एवढंच.

दुसऱ्या दिवशी समीर ऑफिसला गेल्यावर ते माझ्याकडे आले. मी चहा टाकला. ते माझ्या शेगडीवरच्या घड्याळाकडे बघत होते. ते बरोबर वेळ दाखवत होतं.

"तुझ्याकडची लाइन नव्हती गेली न काल?"

मी साखरेचा डबा शोधत राहिले. तो समोरच होता.

"जन्म लाइनवर काढला मी, पोरी. एका खांबावरून दोघांना लाइन आहे, तुझी जाणार नाही अन् आमचीच जाईल, असं होते का? मीच गेलो होतो न परत आत." त्यांनी आपला उजवा हात टेबलावर ठेवला आणि परक्याचा असल्यासारखा त्याच्याकडे पाहिलं. "याच हातानं. तिचं होतं तेवढं सगळं."

मी रडायला लागले. तेच मला थोपटायला लागले. "समीरला नको सांगू मला समजलं म्हणून. बायको गेली त्याची, तरी त्यानं माझ्यासाठी सारं घर बंद करून चालू केलं. असं कोण करते? त्याला वाटू दे वाचवलं मला. शब्द दे." मी दिला.

उरलेले आठवडे दोघं एकमेकांना सांभाळत राहिले. समीर वीज कंपनीला शिव्या द्यायचा, काका मान डोलवायचे. जाताना एअरपोर्टवर त्यांनी जावयाला मिठी मारली आणि सोडेचनात. त्यांना मी शेवटचं तिथेच पाहिलं. त्याच थंडीत ते नागपूरला झोपेत गेले. समीरने जाऊन मुलाने करावं तसं सगळं केलं.

परत आल्यावर तो माझ्याकडे येऊन बसला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. म्हणाला, "एकच समाधान आहे, अंजू. बटणाचं त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते कळलं असतं तर ते ओझं घेऊन गेले असते बरोबर."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की अरे, ते घेऊनच गेले.

"नाही," मी म्हटलं, "त्यांना नाही कळलं."