बुडबुड्याचा पेला

सकाळी नातसून फळी आवरत होती. काचेचा जुना पेला उजेडात धरून म्हणाली, “आजी, याच्यात बुडबुडा हाय. फेकून देऊ काय?” मी तो तिच्या हातातून काढूनच घेतला. हिरवट, जड, बुडाशी मुगाएवढा बुडबुडा. इंग्रजांच्या राज्यातली मेडशी गावची आमची काचेची भट्टी आठवली.

फुटक्या बांगड्या वितळवून बाबा लोखंडी नळीनं पेले फुगवायचे. गार झालेला एकेक पेला आई दारातल्या उन्हाला धरायची. नितळ निघाला तर तो वाशिमच्या धर्मादाय दवाखान्याचा, फुकट. बुडबुडा दिसला तर विकायचा.

एकदा गावचे पाटील लेकीच्या लग्नासाठी पेले घ्यायला आले आणि त्यांनी नेमकी दवाखान्याची टोपली पुढे ओढली. एवढं मोठं गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. आईनं टोपलीवर हात ठेवला.

“पाटील, हे दुखणाईताचे हायेत. तुमी धडधाकट मानसं, बुडबुड्यानं काय होते तुमाले?”

पाटलांचा चेहरा लाल झाला. बुडबुड्याचे पेले घेऊन ते तडक निघून गेले. गिऱ्हाईक तुटलं, असंच बाबांना वाटलं.

लग्नात मी सरबत देत होते. एका वऱ्हाड्यानं पेला निरखून नाक मुरडलं. पाटील लांबूनच गरजले, “बुडबुडा पाहून राह्यले काय? नितळ पेले आमच्या गावानं दवाखान्यात देले!”

नातसून अजून उभीच होती. म्हटलं, “फेकू नको वो बाई. समोरच ठेव. बुडबुडा लोकाइले दिसला पायजे.”