टॉवेलातली वाटी

सासऱ्यांची बिबवेवाडीत रसवंती होती, त्यामुळे बर्फाबद्दल घरात शेवटचा शब्द त्यांचा. लादी भुशात पुरायची, वर गोणपाट टाकायचं, की संध्याकाळपर्यंत घोर नाही. माझं बीएस्सी फिजिक्स या घरात डाळ शिजवण्यापुरतं.

नवरा तेव्हा कंपनीकडून अमेरिकेत ऑनसाइट गेलेला. निम्मं पुणं तिकडेच निघालं होतं म्हणा. त्याचा फोन आला की स्पीकर लावायचा, सगळ्यांनी भोवती बसायचं. एकदा म्हणाला, "बाबा, इथलं तळं गोठलंय. शनिवारी आम्ही ऑफिसातले सगळे त्यावरून चालत पलीकडे जाणार. वर गुडघाभर स्नो पडलाय."

"मग भीती नाही," सासरे म्हणाले. "वरून झाकलंय म्हणजे खालचा बर्फ पक्का. आपल्या लादीसारखा."

"अहो बाबा, उलट आहे ते!" मी ओरडलेच. "आपल्याकडे बाहेर ऊन, म्हणून भुसा ऊन अडवतो. तिकडे बाहेर थंडी आहे, तर स्नो थंडीच अडवणार. तळ्यावर गोधडी घातल्यावर बर्फ जाड होणार कसा? आणि भेगा झाकल्या जातात त्या वेगळ्याच."

"तू कधी पाहिलंयस का गोठलेलं तळं?"

"तुम्ही पाहिलंयत?"

नवरा हसला, "अगं, इथले लोक तळ्यावर गाडी घालतात," आणि फोन ठेवून दिला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. सुनेनं उलट बोलू नये म्हणे. मग काय, नवऱ्याला बुडू द्यावं?

दोन वाट्या घेतल्या, सारखंच पाणी ओतलं. एक उघडीच फ्रीझरमध्ये ठेवली, दुसरी जाड टॉवेलात गुंडाळून.

"आता वाट्यांनाही थंडी वाजते वाटतं," सासरे म्हणाले.

म्हटलं, वाजू दे.

सकाळी टॉवेल सोडला. वरून बघाल तर दोन्ही वाट्या सारख्याच गोठलेल्या. दोन्ही सासऱ्यांच्या चहाशेजारी आपटल्या आणि कुणाला न विचारता अमेरिकेला फोन लावला. या घरात तो मी आजवर कधी लावला नव्हता.

"अहो, त्या तळ्यावर पाय ठेवायचा नाही. बर्फ किती जाड आहे, कुणी भोक पाडून मोजलंय का?"

"मोजलं नाही गं, पण वरून तर—"

"वरून काय दिसतं ते मला सांगू नका!"

सासऱ्यांनी रिसीव्हरला हात घातला. आता हे फोन ठेवणार, या रागानं मी तो घट्ट धरला. जीव गेला तरी सोडणार नव्हते. मग त्यांचं बोट दिसलं. ओलं होतं. टॉवेलातल्या वाटीतल्या बर्फाला मधोमध भोक पडलं होतं.

मी रिसीव्हर दिला.

"माझं बोट आत गेलं रे," ते मुलाला म्हणाले. "तू पाय ठेवू नकोस."