दाढेइतकं गाणं

माझी थोरली बहीण एकवीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आहे. दिवसभर लोकांच्या तक्रारी लिहून घेते आणि संध्याकाळी सात बायकांच्या एका गटात गाते. बरी गाते. बरी म्हणजे चांगलीच, पण मी बहीण असल्यामुळे हात राखून बोलते. गाणं कुणाकडे शिकलात असं कुणी विचारलं, तर ती म्हणते, "दातांच्या डॉक्टरांकडे." लोकांना वाटतं थट्टा करतेय. ती थट्टा करत नसते.

आमचे बाबा दातांचे डॉक्टर. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या दोन खोल्यांत आम्ही, आणि मधे प्लायवूडची भिंत. तिच्यातून शिंकसुद्धा आरपार ऐकू यायची. गल्लीत बाबांचं नाव 'पक्कड' पडलं होतं. माणूस मोजकं बोलणारा, हात हलका, पण त्यांचं दात कोरायचं मशीन असं किंचाळायचं की खुर्चीतल्या माणसाची पाचावर धारण बसायची. कितीतरी पेशंट "जरा जाऊन येतो" म्हणत काढता पाय घ्यायचे. गाण्यातलं बाबांना ओ की ठो कळत नव्हतं. आमच्याकडे रेडिओ लागायचा तो बातम्यांपुरता.

ताई आठ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. भिंतीला टेकून ती गणितं सोडवत होती आणि पलीकडे मशीन सुरू झालं. वैतागून हिनं त्याच्याच सुरात सूर लावला. बाबांनी पायाखालचं पेडल दाबलं की मशीनचा आवाज चढायचा, तसा हिचाही चढला. मग तिनं शाळेतलं एक गाणं त्यावर धरलं. मी समोर बसून पेन्सिलीला टोक करत होते. तिनं वही बाजूला सारली आणि डोळे मिटले, एवढं मला स्पष्ट आठवतं. गणितं त्या दिवशी राहिलीच. खुर्चीत एक बसड्रायव्हर होता, आधी दोनदा पळून गेलेला. त्या दिवशी तो शेवटपर्यंत बसला.

जेवताना बाबा म्हणाले, "मघाशी काय ओरडत होतीस?"

ताई चाचरली. "गाणं होतं, बाबा."

"उद्या नऊ वाजता परत ओरड. एक जण येणार आहे, फार भित्रा आहे."

अशी तिची नेमणूक झाली. आमची शाळा दुपारची, त्यामुळे सकाळचे सगळे पेशंट तिच्या वाट्याला आले. नियम एकच होता. मशीन चालू असेतो गायचं, थांबलं की गप्प, कारण मग बाबांना पेशंटशी बोलायचं असे. पुढचा दात असला की दोन ओळी व्हायच्या, दाढ असली की एखाददुसरं कडवं. ताईला याची चटक लागली. उठल्या उठल्या ती बाबांना विचारायची, "आज दाढ आहे का?" नाही म्हटलं की तोंड पाडून बसायची. खुर्चीतल्या माणसाच्या कळांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. गाणारी माणसं अशीच असतात, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

एक गोष्ट मात्र तिला खुपायची. तिचं एकही गाणं कुणी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. आईपुढे गायली तर आई "छान, छान" म्हणत भांडी विसळत राहायची. मी दुसऱ्या ओळीलाच उठून जायचे, खोटं कशाला बोलू. खरे ऐकणारे भिंतीपलीकडे आ वासून बसलेले, आणि मशीन थांबलं की तेही संपले.

ती दहा वर्षांची झाली तेव्हा शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात एकटीनं गायला एक मुलगी हवी होती. नदीवरचं चार कडव्यांचं गाणं होतं. ताईनं हट्टानं नाव दिलं. निवडीच्या दिवशी हॉलमध्ये एक जुना पंखा घरघरत होता, त्यावर हिनं झोकात सुरुवात केली. तिसऱ्या कडव्यात वीज गेली. पंखा थांबला आणि ताईही थांबली, शब्द अर्धा टाकून.

"शब्द विसरलीस का गं?" गाण्याच्या बाईंनी विचारलं.

"नाही बाई, आठवतात."

"मग?"

ताई वर थांबलेल्या पंख्याकडे बघत राहिली. बाई म्हणाल्या, "सोमवारी परत ये. तेव्हाही अडलीस तर मी दुसरी मुलगी घेईन."

शुक्रवारी संध्याकाळी तिनं मला बळेच समोर बसवलं आणि गायला लागली. आईनं स्वयंपाकघरातला नळ बंद केला, तशी ही गप्प. परत सुरू केलं. या वेळी शेजारची पिठाची गिरणी थांबली. "मला जमतच नाहीये गं," म्हणून ती रडायला लागली. मला तिची फार दया आली.

जेवताना आईनं बाबांना सगळं सांगितलं. "पंखा बंद पडला म्हणून थांबली म्हणे."

"पंख्याचा काय संबंध?" बाबा म्हणाले. मग त्यांचा घास हातातच राहिला. त्या रात्री ते पानावरून नेहमीपेक्षा लवकर उठले.

शनिवारी सकाळी कोपऱ्यावरचा शिंपी आला. "लवकर उरका डॉक्टर, गिऱ्हाईक खोळंबलंय" हे त्याचं पालुपद आम्ही भिंतीतून दर वेळी ऐकायचो. मशीन सुरू झालं, ताईनं नदीचं गाणं सुरू केलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. आईनं बाबांसाठी माझ्या हातात चहा दिला होता. मशीन थांबेल म्हणून मी दाराशी उभी राहिले, पण ते काही थांबेना. तिसरं कडवं निघालं. चहावर साय धरली. शेवटी मी दार हलकेच ढकललं.

शिंप्याच्या गालात कापूस कोंबलेला होता आणि तोंड बंद होतं. दाढ केव्हाच कोरून झाली होती. खुर्चीशेजारी बाबा उभे होते. त्यांनी मशीन वर हवेत धरलं होतं, पाय पेडलवर होता आणि मान भिंतीकडे वळलेली. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. शिंपी मांडीवर हात ठेवून बसला होता. तो एकदाही घड्याळाकडे बघत नव्हता.

चौथं कडवं संपलं. शेवटची ओळ तिनं दोनदा घेतली. मग बाबांनी पेडलवरून पाय काढला.

ताई धावतच आत आली, तोंड लाललाल झालेलं. सोमवारी ती बाईंपुढे अशीच शेवटपर्यंत गाणार होती, पण ते तिला अजून माहीत नव्हतं.

"बाबा, संपलं! पूर्ण झालं! एवढी खोल होती दाढ?"

बाबांनी शिंप्याकडे पाहिलं. शिंप्याला बोलता येत नव्हतं. त्यानं दोन्ही हात वर केले आणि कापड मापताना धरावेत तसे लांबच लांब ताणून दाखवले.

"हो," बाबा म्हणाले, "खूपच खोल होती."