वाकल्यावर येणारी उचकी

गल्लीतल्याच मुलीशी लग्न करून त्याच गल्लीत त्यांनी सलून टाकलं, म्हणून सगळी गल्ली त्यांना दाजी म्हणायची. त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. सलून म्हणजे एक खुर्ची, एक आरसा आणि थांबणाऱ्यांसाठी एक बाक. दुसरी खुर्ची टाका, हाताखाली माणूस ठेवा, असं लोक सुचवायचे; पण दुसऱ्याने धरलेला वस्तरा दाजींना बघवत नसे. गिऱ्हाइकाची मान मागे टेकवायची, डाव्या अंगठ्याने गालाची कातडी ताणायची आणि वस्तरा असा फिरवायचा, की माणसाचा डोळा लागावा. एकोणतीस वर्षांत कुणाच्या गालावर रक्ताचा थेंब आला नव्हता. राग मात्र नाकाच्या शेंड्यावर. मान हलवली म्हणून भल्याभल्यांना ते झापायचे आणि भलेभले ऐकून घ्यायचे, कारण वस्तरा दाजींच्या हातात असायचा.

हृदयाचे ठोके फार मंदावून ते दोनदा दुकानातच चक्कर येऊन पडले, तेव्हा डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवला. चक्कर गेली. खांद्याच्या वर हात न्यायचा नाही, ही अट त्यांनी दातओठ खात पाळली आणि डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर दुकान उघडलं. तिसऱ्या दिवशी ती उचकी सुरू झाली.

साधी उचकी नव्हती ती. सरळ उभं असताना काही नाही, आडवं पडल्यावर काही नाही. खुर्चीवर वाकून उजवा हात पुढे नेला, की बरगडीखाली आतून कुणीतरी टिचकी मारावी तसा झटका. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा, घड्याळ लावून मोजावेत असे. पाठ सरळ केली की बंद.

गल्लीला चेष्टेला विषय मिळाला. एवढी आठवण कोण काढतंय दाजी, असं जाता-येता लोक विचारू लागले. बायको म्हणाली, सासुरवाडी दाराशी असलेल्या माणसाची आठवण कोण काढणार, ते तर रोजच दिसतात. दाजी हसले नाहीत. ते दाढीच्या गिऱ्हाइकांना परत पाठवत होते आणि नुसते केस कापत होते.

दवाखान्यात मुलगी बरोबर असायची. ती चपलांच्या दुकानात हिशेब बघायची आणि वडिलांसाठी अर्धी रजा टाकायची. पहिल्या खेपेला मशीन तपासणाऱ्या बाईंनी दाजींना पलंगावर निजवलं, छातीवर एक चकती ठेवली, पडद्यावरच्या रेघा पाहिल्या आणि सगळं छान आहे काका, असं सांगितलं. दुसऱ्या खेपेला मोठे डॉक्टर म्हणाले की नवीन वस्तू अंगात गेली की माणूस स्वतःकडे जरा जास्तच कान लावून बसतो. तिसऱ्या खेपेला त्यांनी मन शांत राहायची गोळी लिहून दिली. ती खाऊन दाजी दुपारभर बाकावर पेंगत बसले. जागे झाल्यावर पुन्हा वाकून बघितलं, तर झटका जागच्या जागी.

अशातच पोस्टमास्तर आले. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण हुद्दा नावाला चिकटला होता. दर गुरुवारी दाढीला यायचे. दाजींनी नाही म्हटलं, तर म्हणाले, या गालाला तुमच्याच हाताची सवय आहे, मी आपला बसतो. दाजींनाही वाटलं, श्वास रोखून धरला तर जमेल. दोन्ही गाल झाले. हनुवटीवर आले आणि झटका बसला. पांढऱ्या पंच्यावर रक्त ठिबकलं.

पोस्टमास्तरांनी आपल्याच हाताने तुरटी लावली. "होतं दाजी," ते म्हणाले. "वय झालं आपलं."

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर दाजींना बरं वाटलं असतं. हे समजून घेणंच त्यांना जिव्हारी लागलं. वस्तरा मिटून त्यांनी खणात टाकला आणि खण धाडकन लावला.

संध्याकाळी मुलीला दवाखान्याची फाईल वाचायला लावली. ती चाचरली. मग वाचलं: मशीनचं काम व्यवस्थित. विशेष तक्रार नाही. रुग्ण विनाकारण काळजी करतो.

"परत वाच," दाजी म्हणाले.

तिने परत वाचलं. दाजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वेळा घसा फोडून सांगितलं, आणि लिहिलंय काय, तर तक्रार नाही! गेली एकोणतीस वर्षं मी लोकांचा गळा माझ्या वस्तऱ्याखाली घेतो, त्यांचा विश्वास बसतो आणि यांचा बसत नाही, असं ते बायकोला ओरडून सांगत होते. त्या बिचारीने काय केलं होतं?

चौथ्या खेपेला दाजी पिशवीत धुतलेला पंचा आणि एक कंगवा घेऊन गेले. मशीनवाल्या बाई नेहमीप्रमाणे म्हणाल्या, आडवे व्हा काका.

"नाही होणार. आडवं पडून मी दाढी करत नाही."

आवाज इतका चढला, की शेजारच्या खोलीतून डॉक्टर आले. दाजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढली. "तुम्हीच बसा. मान मागे टाका." मुलीने बाबा, बाबा करत बाही ओढली, पण डॉक्टर, का कोण जाणे, बसले. दाजींनी त्यांच्या गळ्याशी पंचा खोवला, बाईंना चकती आपल्या छातीवर धरायला सांगितली, डाव्या अंगठ्याने डॉक्टरांचा गाल ताणला आणि वस्तऱ्यासारखा कंगवा धरून वाकले.

कंगव्याचं टोक डॉक्टरांच्या हनुवटीत रुतलं. मग पुन्हा. मग पुन्हा.

"ही पोस्टमास्तरांची हनुवटी," दाजी म्हणाले.

पडद्याकडे बघत बाई हळूच म्हणाल्या, "सर, मशीनच्या प्रत्येक ठोक्याला होतंय."

एक्स-रे काढल्यावर कळलं, की हृदयात बसवलेल्या वायरचं टोक जागेवरून सरकलं होतं. वाकलं की त्यातला झटका श्वासाच्या पडद्याला लागत होता. बाईंनी मशीनचा जोर कमी करून पाहिला. उचकी थांबली, पण तेवढ्या जोराने हृदयाचे ठोके चुकू लागले. म्हणजे वायर पुन्हा बसवायची. पुन्हा तीच चिरफाड, पुन्हा महिनाभर हात बांधलेला.

दाजी भडकले. खरं ठरल्याचं बक्षीस हे! डॉक्टरांनी माफी मागितली, ती त्यांनी ऐकली न ऐकल्यासारखी केली.

"आधी फाईलमधली ती ओळ खोडा," ते म्हणाले. "मगच मी ऑपरेशनच्या कागदावर सही करतो."

डॉक्टरांनी ओळ खोडली आणि खाली लिहिलं. मुलीने मोठ्याने वाचून दाखवलं: वाकून काम करताना झटके येतात, हे रुग्णाने पहिल्याच भेटीत सांगितले होते. दाजींनी सही केली आणि पंचा घडी करून पिशवीत ठेवला.

दुसऱ्यांदा दुकान उघडलं, तेव्हा पोस्टमास्तर बाकावर आधीच येऊन बसले होते. तोंडभर पांढरी दाढी वाढलेली. इतके दिवस दुसरीकडे कुठे गेलेच नव्हते. न विचारता खुर्चीत बसले आणि मान मागे टाकली.

दाजी वाकले. वस्तरा गालापासून बोटभर दूर धरून त्यांनी मनात तीसपर्यंत मोजलं. काही नाही. पुन्हा तीस मोजले. मग गाल केले, आणि हनुवटीशी आले तेव्हा जुन्या खुणेचा पांढरा ओरखडा दिसला. राग पुन्हा उसळला.

"त्या डॉक्टरला एकदा या खुर्चीत बसवा," पोस्टमास्तर डोळे मिटूनच म्हणाले.

"त्याच्याच खुर्चीत बसवला. पंचा गुंडाळून, मान मागे करून."

पोस्टमास्तरांचं पोट हलायला लागलं.

"हसू नका," दाजी खेकसले. "वस्तरा हनुवटीवर आहे."